दहा सेंटिमीटरची रेघ

दाबाच्या नव्वद सेकंदांतले वीसेक झाले असतील, तेवढ्यात तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडातून एक कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली. अंगठा मुडपला. समोर स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या होत्या मायक्रोस्कोपवाल्या बाई. रक्त तपासायच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं डोळा काचेला लावून बसायचं, त्यामुळे त्यांची उजवी बाजू मानेपासून खांद्यापर्यंत अशी आवळलेली की नुसतं बोट फिरवलं तरी गाठ लागावी. त्या गाठीवर अंगठा टेकवायचा, दाब हळूहळू वाढवत न्यायचा, पेशंट ‘हां, हेच ते’ म्हणाला की तिथंच थांबायचं आणि गाठ आपणहून सैल पडेपर्यंत हलायचं नाही. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. आज अंगठ्यानंच तिला अंगठा दाखवला. दुसरा लावावा तर डाव्या हातानं बाईंचं डोकं सावरलेलं. ‘आई गं’ ओठांवर आलं ते तिनं गिळलं, कारण पेशंटच्या पाठीमागे उभं राहून फिजिओनंच कण्हायचं म्हणजे न्हाव्यानंच वस्तरा बघून डोळे मिटण्यातला प्रकार. मग तिनं काय केलं, तर काहीच केलं नाही. तळवा बाईंच्या खांद्यावर नुसता ठेवून उभी राहिली. जोर नाही, दाब नाही, वाळत घालायचा राहिलेला टॉवेल टाकावा तसा हात. सत्तर सेकंद तिनं भिंतीवरच्या मणक्यांच्या चित्राकडे बघत काढले, आणि वेळ झाल्यावर, आता चोरी पकडली जाणार या तयारीनं विचारलं, “कसं वाटतंय?”

बाईंनी मान इकडे कलवली, तिकडे कलवली, डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. “ताई, आज तर कमाल केलीत. पीस झालाय नुसता खांदा.” आणि तिच्याच टेबलावरचा कागद पुढ्यात ओढून, तिच्याच पेननं, तिच्याच तोंडाकडे हसून बघत त्यांनी रेघेवर झोकात फुली मारली. रेघ दहा सेंटिमीटरची. डाव्या टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, उजव्या टोकाला ‘याहून जास्त दुखूच शकत नाही’. बाई गेल्यावर तिनं पट्टी लावून मोजलं. एक पूर्णांक आठ. गेल्या खेपेला खऱ्या दाबानं, घाम गाळून, दोन पूर्णांक सहा आले होते. ती पट्टी हातात धरून तशीच बसली. बाहेर पुढचा पेशंट खोकला, मुद्दाम, आपण आहोत हे कळावं म्हणून.

तसं पाहिलं तर हसून सोडून द्यावं अशी गोष्ट. एरवी तिनं सोडलीही असती, पण फिजिओथेरपी विभागात नेमकी दोन पद्धतींची तुलना चालू होती. मान आणि खांदा दुखणारे साठ पेशंट. त्यातल्या तिसांना तिचा दाब, आणि तिसांना पलीकडच्या खोलीतल्या उंचसाहेबांची पद्धत. उंचसाहेब सहा वर्षांपूर्वी आले. दारातून आत येताना डोकं वाकवतात म्हणून पेशंटांनीच त्यांना हे नाव ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं नाव वाचून लोक विचारतात, हे कोण? त्यांची पद्धत वेगळी. ते गाठीला हात लावत नाहीत. डोक्याच्या बाजूला तळवा ठेवतात आणि पेशंटलाच सांगतात, माझ्या हाताला ढकला, फार नाही, चार आण्याच्या जोरानं. मी तुम्हाला हलू देणार नाही. सात सेकंद ढकलायचं, मग सोडायचं, श्वास सोडायचा, आणि स्नायू थकून सैल पडतो त्या क्षणी ते मान अलगद पलीकडे नेतात, आधी जात नव्हती त्याच्या दोन-चार अंश पुढे. पुन्हा ढकला, पुन्हा सोडा. काम सगळं पेशंटचं, साहेब नुसते भिंतीसारखे उभे. तिला सुरुवातीला हा प्रकार उंटावरून शेळ्या हाकण्यासारखाच वाटला होता, उंचीमुळे जरा जास्तच. विभागाच्या मोठ्या बाईंनी मात्र ठरवलं की वाद पुरे, मोजूनच बघू. जे सरस ठरेल ते पुढच्या वर्षापासून सगळ्यांनी आधी करायचं. आणि आजवरचे आकडे असे होते की वऱ्हांड्यात जाता-येता उंचसाहेब तिला वाकून नमस्कार करायचे. तिच्या पेशंटांच्या फुल्या डाव्या टोकाला नुसती गर्दी करून होत्या.

पण त्याच तक्त्यात दुसरा रकाना होता, मान किती अंश कलते त्याचा. कोनमापक लावून तो मोजायचं काम तिसऱ्याच खोलीतल्या एका अबोल मुलीकडे होतं, जिला कोण कुणाचा पेशंट हे सांगितलेलं नव्हतं. त्या रकान्यात दोघांचे आकडे जवळजवळ सारखेच होते, कुठं कुठं उंचसाहेबांचा एखादा अंश वरच. ती तो रकाना रोज बघायची आणि रोज त्यावरून नजर पुढे सरकवायची. आरशातला एक पांढरा केस जसा आपण रोज बघतो आणि रोज बघितला नाही असं ठरवतो. आज नजर सरकेना. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रेघेचा कागद पेशंटनं बाहेर काउंटरवर भरायचा, उपचार करणाऱ्यासमोर नाही. उंचसाहेबांचे पेशंट निमूटपणे बाहेर भरत. तिचे पेशंट आतच भरायचे. हे कधी सुरू झालं ते तिला चांगलं आठवत होतं. दुसऱ्याच दिवशी निवृत्त बस ड्रायव्हर काका म्हणाले होते, “बाहेर कशाला ताई, तिथलं पेन चालत नाही, द्या इथंच भरतो,” आणि तिनं कागद दिला होता. पेन न चालण्याची गोष्ट खरी होती. पण पेन बदलता आलं असतं. ते तिनं बदललं नाही, कारण काका फुली मारताना वर बघून हसले होते आणि तिला ते हसू आवडलं होतं.

दुपारभर ती डाव्या अंगठ्यानं कसंबसं निभावत होती आणि प्रत्येक पेशंट ‘छान’ म्हणत होता. ‘छान’, ‘मस्त’, ‘तुमच्या हाताला गुण आहे’. हा गुण आहे म्हणणारे इतके भेटले होते की तिनंही तो मानून टाकला होता, घरच्या पत्त्यासारखा. आता त्या शब्दाला भोक पडलं होतं. हात नुसता ठेवला तरी एक पूर्णांक आठ येत असेल, तर बावीस वर्षं आपण दाबत होतो ते काय? लोकांचं दुखणं जात होतं, की लोक आपलं मन राखत होते? म्हणजे हे सगळे चांगले लोक, आपल्या मुलांची लग्नं ठरल्याचं आधी इथं येऊन सांगणारे, ताई जेवलात का विचारणारे, बाहेर पडून कोपऱ्यावर वळल्यावर खांदा धरून उभे राहत असतील?

घरी जाताना ती चालतच गेली. रस्त्यातल्या शिंप्याच्या दुकानात एक माणूस टेबलावर वाकून कापडावर खडूनं रेघा मारत होता आणि आज ती रोजच्यासारखी त्याच्या मानेकडे न बघता पुढे जाऊ शकली नाही. बाबांची मान अशीच होती. बाबा तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. एकावर एक चाळीस थर कापड अंथरायचं, वरच्या थरावर खडूनं माप आखायचं, आणि कापायचं मशीन दोन्ही हातांनी धरून त्या रेघेवरून न्यायचं, दिवसाचे आठ-नऊ तास, हनुवटी छातीला टेकलेली. हात चुकला तर एक सदरा नाही, चाळीस सदरे वाया. घरी यायचे तेव्हा मान कासवासारखी खांद्यांत गेलेली असायची. ती नऊ वर्षांची होती. कुणी सांगितलं नव्हतं, एकदा सहज त्यांच्या मागे छोट्या स्टुलावर उभी राहून तिनं दोन्ही अंगठे त्यांच्या खांद्यात रोवले, आणि बाबा म्हणाले, “अरे वा चिमे, बरोब्बर सापडलं तुला.” पाच मिनिटं व्हायच्या आत त्यांनी खांदे झटकले. “गेलं. पार गेलं. जा आता, खेळ जा.” गेलं! नऊ वर्षांच्या पोरीला याहून मोठं काय हवं? तिच्या अंगठ्यांत जादू होती. शाळेत गणित यायचं नाही, पळण्यात शेवटून दुसरी, आवाज फाटका. पण मोठ्या माणसाचं दुखणं ती पाच मिनिटांत घालवायची. रोज संध्याकाळी गेलं, पार गेलं. कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा घरात चर्चाच झाली नाही, ठरलेलंच होतं. इतकी वर्षं ती जे काही आहे ते त्या ‘गेलं’वर उभी होती.

आणि आता, चालता चालता, तिला दुसरं एक आठवलं, जे आठवायचं काही कारण नव्हतं. रबरी पिशवी. लाल, खरबरीत, गरम पाणी भरायची. ती अंथरुणात शिरली की स्वयंपाकघरात पाणी उकळल्याचा आवाज यायचा आणि मग आई ती पिशवी फडक्यात गुंडाळून पुढच्या खोलीत न्यायची. लहानपणी तिची समजूत होती की आईचे पाय दुखतात. एकदा आईचं बोलणंही कानावर आलं होतं. आई दबक्या आवाजात चिडून म्हणाली होती, “तिला खरं का नाही सांगत? म्हणे गेलं. पोर आपली खूश, आणि इकडे तुमचा खांदा दगड झालाय.” बाबांचं उत्तर तिला ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि तिनं ते ठेवलं नव्हतं. आईला जाऊन सात वर्षं झाली. पिशवी तर केव्हाच फाटली असेल. ती रस्त्याच्या कडेला थांबली, उगाच चपलेचा पट्टा सारखा केला आणि पुन्हा चालायला लागली.

बाबा खिडकीशी खुर्चीत पेपर धरून बसले होते. वय एकोणऐंशी, कान शाबूत, डोळे शाबूत, मान तेवढी डावीकडे वळत नाही, त्यामुळे डावीकडून कुणी आलं की अख्खे बाबा वळतात. तिची लेक, अकरावीतली, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. आल्या आल्या ती रोजच्यासारखी बाबांच्या मागे गेली आणि डाव्या अंगठ्यानं दाबायला लागली. पाच मिनिटंही झाली नसतील. “गेलं. बस झालं चिमे, दमून आलीस.” शेहेचाळीस वर्षांची चिमी. आज तिनं पर्समधून रेघेचा कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि कशी फुली मारायची ते सांगितलं. बाबांनी चष्मा सारखा केला, पेन असं धरलं जसा खडू धरायचे, आणि डाव्या टोकावर, एक केसभरही इकडेतिकडे न होता, फुली मारली. शून्य. “हे बघ. काहीच नाही.” कारागिराचा हात, खोटं बोलतानाही माप अचूक.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं लेकीला दारात गाठलं. “हा कागद दुपारी आजोबांकडून भरून घे. मी सांगितलंय म्हणू नकोस. कॉलेजचा प्रकल्प आहे म्हण.”

“आई, हे चक्क चीटिंग आहे.”

“आहे.”

“आणि तू मला शिकवतेस खोटं बोलू नये म्हणून.”

“ते उद्यापासून. आज एवढं कर.”

संध्याकाळी लेकीनं कागद वहीतून काढून दिला तेव्हा ती हसत नव्हती. फुली रेघेच्या उजव्या अंगाला, चांगलीच पुढे. पट्टीची गरज नव्हती तरी तिनं लावली. सात पूर्णांक पाच. “मी विचारलं, इतकं दुखतं तर सांगत का नाही,” लेक म्हणाली, “तर म्हणाले, तुझ्या आईला दाखवू नकोस, ती दिवसभर लोकांची दुखणी काढते, घरी आल्यावर तिला जरा बरं वाटू दे.” मग घाईघाईनं, “मी दाखवलं असं सांगू नकोस हं, माझ्याकडून पेन्सिलीनं शपथ लिहून घेतलीय त्यांनी. सहीसकट.”

राग आला. आधी राग आला हे तिनं स्वतःपाशी कबूल केलं. सदतीस वर्षं आपल्याला फसवलं, तेही इतक्या प्रेमानं की तक्रार कुठं करावी? आपण बाबांचं दुखणं काढत होतो की बाबा आपलं लहानपण सांभाळत होते? नऊ वर्षांच्या अंगठ्यात जोर तो काय असणार, हे आज एखाद्या विद्यार्थिनीनं विचारलं असतं तर तिनं पटकन सांगितलं असतं. स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आणि मग रागाच्या खालून एक भलतंच प्रेम वर आलं, त्या वाकलेल्या मानेबद्दल, सात पूर्णांक पाच खांद्यात ठेवून ‘खेळ जा’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल. ती न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली. पुढच्या खोलीत बाबा पेपर उलटत होते, पान उलटताना डावा खांदा जरा वर उचलत होते, आणि हे ते रोज करत असणार, रोज तिच्या डोळ्यांसमोर.

सकाळी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. उंचसाहेब तिथंच होते, चहा पीत. तिनं सगळं सांगून टाकलं, अंगठ्यापासून पेनापर्यंत. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, ही वाईट खूण.

“म्हणजे तुमच्या तिसाच्या तीस पेशंटांचे कागद तुमच्यासमोर भरले गेले?”

“हो.”

“आणि तुम्हाला नियम माहीत होता.”

“हो. मीच पेन बदललं नाही.”

“अहो, कुणी आपणहून हात दाखवून अवलक्षण करतं का? आकडे तुमच्या बाजूनं होते!”

“म्हणूनच,” ती म्हणाली. उंचसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. “खरं तर मला शंका होती,” ते म्हणाले, “पण बोललो असतो तर वाटलं असतं जळतो म्हणून. थोडा जळतही होतोच.” मोठ्या बाई दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या की उपचारांचे दोन आठवडे अजून बाकी आहेत, इथून पुढचे कागद बाहेर, आणि काउंटरवर त्या स्वतः नवीन पेन बांधून ठेवणार आहेत, दोरीनं.

त्या दोन आठवड्यांत तिनं लोकांना खोलीच्या दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. हे सोपं नव्हतं. बस ड्रायव्हर काका दोनदा परत फिरले, “आतच भरतो ना,” म्हणून. तिला त्यांच्या तोंडाकडे बघायची तहान लागायची, आणि दाराच्या काचेतून फक्त त्यांची पाठ दिसायची, वाकलेली, विचार करणारी. हो, विचार करणारी. आत बसून मारलेल्या फुलीला कधी क्षणभराहून जास्त वेळ लागला नव्हता. बाहेर माणसं थांबत होती, खांदा हलवून बघत होती, पेन रेघेवरून मागेपुढे नेत होती. आपल्या दुखण्याशी ती बहुधा पहिल्यांदाच एकटी बोलत होती. शेवटी आकडे आले तेव्हा दोन्ही पद्धतींत एकोणीस-वीसचा फरक निघाला. दाबानं दुखणं साधारण निम्म्यावर येत होतं आणि ढकलण्यानंही निम्म्यावर. मायक्रोस्कोपवाल्या बाईंची फुली बाहेर चार पूर्णांक एकवर आली, आणि त्यांनी जाताना तिला मात्र सांगितलं, “एकदम छान, ताई.” तिला हसू आवरेना. म्हणजे आपण अगदीच वाया गेलो नाही. निम्मं दुखणं खरंच कमी होतंय, आणि बाकीचं निम्मं लोक आपल्या वाटणीचं म्हणून मुकाट घरी नेतायत. घरोघरी मातीच्या चुली.

अंगठा मात्र बरा होणार नव्हता. सांध्याची झीज, रोजच्या वीस-पंचवीस माणसांच्या गाठी त्यात भरलेल्या. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि दाबायचं काम बंद म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी पेशंट संपल्यावर ती पलीकडच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “साहेब, तुमची भिंत होणं शिकवा मला.” शिकवायचं म्हणजे आधी करून दाखवायचं, म्हणून उंचसाहेबांनी तिला स्टुलावर बसवलं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत तिच्या खांद्याला कुणी हातच लावला नव्हता. लोकांचे खांदे सोडवता सोडवता आपल्यालाही एक मान आहे हे ती विसरून गेली होती. ढकला. धरा. सोडा. मान पलीकडे गेली आणि कानाखालून कुठलीतरी जुनी, बंद खोली उघडल्यासारखी एक ठणक लख्ख जागी झाली. डोळ्यांत पाणी आलं. “किती?” साहेबांनी विचारलं. “छे, काही नाही,” ती म्हणाली, “अगदी बरंय.” म्हणाली आणि थांबली. दोघंही हसायला लागले. साहेब इतके वाकून हसले की सरळ होताना दिव्याला डोकं आपटलं.

रविवारी सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, तिनं बाबांची खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि स्वतः त्यांच्या मागे न जाता बाजूला उभी राहिली, जिथून त्यांचा चेहरा दिसेल. लेक पलीकडे पुस्तकात तोंड खुपसून बसली होती, पान न उलटता. बाबांना तिचा मनगटाचा पट्टा दिसला. “हे काय?” “काही नाही” असं तिच्या तोंडात तयारच होतं. ते मागे ढकलून ती म्हणाली, “अंगठा गेलाय, बाबा. दाबता येणार नाही आता. दुखतो. रेघेवर म्हणाल तर सात.”

बाबा तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “लहानपणीच फार दाबायला लावलं मी तुला.”

“तुम्ही नाही लावलंत. मीच मागे लागायची. आज वेगळं करू या.” तिनं तळवा त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर ठेवला. पांढरे, मऊ केस. “माझ्या हाताला डोक्यानं ढकला.”

बाबांनी ढकललं म्हणजे ढकलल्यासारखं केलं. हाताला काही लागलंच नाही.

“ढकला ना.”

“ढकललं की.”

“हे ढकलणं नाही, बाबा, हे टेकणं झालं.”

“तुझा हात दुखेल. आत्ताच म्हणालीस ना.”

“तळवा दुखत नाही. आणि ढकलल्याशिवाय हे होतच नाही. यात मला काही करताच येत नाही. जे काय करायचं ते तुम्हीच.” तिचा आवाज तिला न विचारता ओला झाला. “मला सगळं माहितीये. साडेसात. आधीपासूनच माहिती हवं होतं. आता खोटं ‘गेलं’ म्हणून मला बरं वाटायला लावू नका. नाही वाटत आता त्यानं बरं.”

पुस्तकामागून लेक म्हणाली, “आजोबा, मी काही बोलले नाहीये.” कुणी विचारलं नव्हतं.

बाबा समोरच्या भिंतीकडे बघत बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तिनं कधी न बघितलेलं काहीतरी आलं, वर्षानुवर्षं उचलून धरलेली वस्तू कुठं ठेवावी हे न कळलेल्या माणसाचं. मग त्यांनी ढकललं. चार आण्यांचं नाही, चांगलं आठ आण्यांचं. तिचा हात मागे गेला आणि तिनं पाय रोवून तो परत आणला. केवढा जोर! चाळीस थरांमधून मशीन नेणारा माणूस तिच्या तळव्यात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आपलं वजन तिच्यावर टाकत होता. एक, दोन, तीन, ती मोठ्यानं मोजत होती. सातला सोडा म्हणाली. बाबांनी श्वास सोडला. तिनं डोकं अलगद उजवीकडे कलवलं. जिथं नेहमी अडायचं तिथं अडलं, आणि मग, अगदी थोडं, पुढे गेलं. असं तीनदा केलं. बाबांच्या कपाळावर घामाचे दोन थेंब आले होते. तिनं हात काढला.

“आता सांगा. किती?”

‘गेलं’ त्यांच्या ओठांवर येताना तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी लेकीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. डावा खांदा उचलून, फिरवून बघितला, काउंटरवरची माणसं बघायची तसा, वेळ घेऊन.

“दुखतंय,” बाबा म्हणाले. “साडेसात होतं. आता सात असेल.”

“अर्धाच उतरला?”

“अर्धा म्हणजे कमी वाटतो काय तुला?” बाबा एकदम मास्तरांच्या आवाजात म्हणाले. “कापात अर्ध्याचा फरक पडला ना, तर सदरा अंगात जात नाही.”

ती हसली आणि हसता हसता रडली, आणि रडणं लपवायला मागे गेली नाही, समोरच उभी राहिली. मग तिनं तळवा पुन्हा त्यांच्या कानाच्या वर ठेवला, आणि तिनं सांगायच्या आतच बाबांनी ढकललं.